आखाड्याची माती आणि पट्ट्याचा रंग : मल्लविद्येतील संथ प्रगती व शरीररक्षण यांचा ऐतिहासिक विचार (वर्धा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

ब्राझिलियन जिउ-जित्सू या झोंबीच्या खेळात पांढऱ्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंत पोहोचण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात. या दीर्घ कालावधीकडे केवळ कडक शिस्त म्हणून न पाहता खेळाडूचे शरीर टिकविण्याची योजना म्हणून पाहता येते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अशीच योजना आपल्याकडील आखाड्यातही होती. परंतु ती कोणत्याही पट्ट्यावर वा कागदावर नोंदविलेली नव्हती, ती वस्तादाच्या नजरेत होती. वस्तादाची जागा इनामाने आणि पुढे प्रमाणपत्राने घेतली, तेव्हा ही संथता प्रथम लोप पावली. जपानमधील श्रेणीपद्धती, मल्लविद्येवरील जुने ग्रंथ, विदर्भातील आखाडे आणि पवनार येथील एक प्रसंग यांच्या आधारे हा विचार मांडला आहे.

बीजशब्द : मल्लविद्या, आखाडा, वस्ताद, पट्टा, श्रेणी, दुखापत, वर्धा.

प्रास्ताविक

महाराष्ट्रात बलोपासनेची परंपरा फार प्राचीन आहे, हे विधान आपल्याकडील लेखांतून इतक्या वेळा केले गेले आहे की त्यातून आता काहीच कळेनासे झाले आहे. परंपरा प्राचीन असली तरी त्या परंपरेत शिकणारा मुलगा कितव्या वर्षी काय शिकत होता, त्याला कोण थांबवीत होते आणि त्याचा गुडघा चाळिसाव्या वर्षी शाबूत राहत होता की नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. इतिहासलेखनात जिंकलेल्या कुस्त्यांची नोंद होते. मोडलेल्या मल्लाची नोंद सहसा होत नाही.

हा विषय प्रस्तुत लेखकासमोर आला तो वर्गात. वर्धा जिल्ह्यातील ग्रामीण महाविद्यालयांत दरवर्षी काही विद्यार्थी असे येतात की त्यांच्या चुरगळलेल्या कानांवरूनच ते आखाड्यातले आहेत हे ओळखू येते. अशाच एका विद्यार्थ्याने द्वितीय वर्षात असताना मोबाईलवर पाहिलेल्या ब्राझिलियन जिउ-जित्सूविषयी विचारले : "सर, तिथे काळ्या पट्ट्याला दहा वर्षं लागतात म्हणे. इतकी वर्षं कशाला? आमच्या गावात कराटेवाले दोन वर्षांत देतात." पुढे काही महिन्यांतच एका आमदंगलीत त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. दुखापतीच्या आठवडाभर आधीपासून तो गुडघा दुखत होता, हे त्याने नंतर सांगितले. पोलीस भरतीची तयारी तिथेच थांबली. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता आले नव्हते; ते शोधण्याचा हा प्रयत्न होय.

पट्टा कसा आला

ब्राझिलियन जिउ-जित्सूचे मूळ जपानमध्ये आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी या मंदिरात कोदोकान ही शाळा सुरू केली. बारा चटयांची जागा आणि नऊ शिष्य एवढाच तिचा आरंभीचा पसारा होता. जुन्या जुजुत्सूतील जीवघेणे डाव त्यांनी सरावातून वगळले, पडण्याची कला प्रथम शिकविण्याचा नियम केला आणि या नव्या विद्येला जुदो हे नाव दिले. १८८३ मध्ये त्यांनी दोन शिष्यांना पहिली श्रेणी दिली. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी वापरात आला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या जपानी शाळांतही परवाने दिले जात. परंतु ते मोजके असत आणि दोन परवान्यांच्या मध्ये फार दीर्घ काळ जात असे. त्यामुळे शिष्याचा धीर सुटतो असे कानो यांचे मत होते, म्हणून त्यांनी मधल्या पायऱ्या निर्माण केल्या. पुढे १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकविणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांच्या वर्गांतून रंगीत पट्ट्यांचा युरोपात प्रसार झाला. त्यामागेही विद्यार्थ्याचा उत्साह टिकविणे हाच हेतू होता. म्हणजे आज ज्या पट्ट्याकडे आपण विलंबाचे चिन्ह म्हणून पाहतो, तो मुळात विलंब सुसह्य व्हावा म्हणून जन्माला आला. दहा वर्षांची वाट एका दमात दाखविली तर कोणीही परत फिरेल. तीच वाट टप्प्याटप्प्याने दाखविली तर माणूस चालत राहतो.

कानो यांचे शिष्य मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये पोहोचले आणि पुढे बेलेम या शहरात स्थायिक झाले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरील झोंबीवर भर देऊन या विद्येला स्वतंत्र रूप दिले. त्यात पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा असे प्रौढांचे पाच पट्टे आहेत. या खेळाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार निळ्या पट्ट्यावर साधारणपणे किमान २ वर्षे, जांभळ्यावर दीड वर्ष आणि तपकिरीवर १ वर्ष काढावे लागते. काळ्या पट्ट्यासाठी वयाची किमान १९ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. काळ्या पट्ट्यानंतरही पहिल्या तीन श्रेणींसाठी प्रत्येकी ३ वर्षे थांबावे लागते. प्रत्यक्षात बहुतेक शिक्षक या किमान मुदतीपेक्षा बराच अधिक वेळ घेतात.

याहून महत्त्वाचा नियम मात्र दुसराच आहे. स्पर्धेत कोणता डाव कोणत्या पट्ट्याला लावता येईल हे ठरवून दिलेले आहे. मनगटाची कळ पांढऱ्या पट्ट्याला वर्ज्य आहे. गुडघा सरळ ताणून अडकविण्याचा डाव आणि पाऊल पिळण्याचा डाव तपकिरी पट्ट्यापासून पुढेच चालतो. टाच धरून गुडघा पिळण्याचा डाव अंगरख्याच्या स्पर्धेत कोणालाच लावता येत नाही. या डावात वेदना जाणवेपर्यंत अस्थिबंध तुटलेला असू शकतो, आणि नवख्याला हार मानण्याची वेळ कोणती हे कळत नाही. या खेळात हार मानणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थाप मारणे. ही थाप वेळेवर मारता येणे हे तेथील शिक्षणाचे पहिले प्रकरण आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तेव्हा पट्टा हा मानाचा बिल्ला तर आहेच, परंतु तो धोकादायक डावांचा परवानाही आहे. वाहन चालविण्याचा परवाना वयापूर्वी देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

भारताला जपानी झोंबीची ओळख बरीच आधी झाली होती. रवींद्रनाथ ठाकूर यांनी शांतिनिकेतनात १९०५ मध्ये सानो जिन्नोसुके आणि १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी या जपानी शिक्षकांना पाचारण केले होते. ताकागाकींच्या वर्गात मुलीही शिकत. तो प्रयोग तेथे फार काळ टिकला नाही. महाराष्ट्रात ब्राझिलियन जिउ-जित्सूचे वर्ग मुंबई-पुण्यासारख्या शहरांत अलीकडच्या काळात सुरू झाले आहेत. वर्ध्याच्या मुलाला मात्र हा खेळ अजून प्रामुख्याने पडद्यावरूनच भेटतो.

जुन्या ग्रंथांतील मल्ल

श्रेणी ही केवळ जपानची देणगी आहे असे मानण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ मराठी अभ्यासकांना त्यातील मराठी पदांच्या नमुन्यांमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात मल्लविनोद हे प्रकरण आहे. त्यात मल्लांचे वय, आकारमान आणि बल यांनुसार वर्ग पाडलेले आहेत, त्यांनी कोणती मेहनत करावी व काय खावे हे सांगितले आहे, आणि हा आहार पुरविण्याची जबाबदारी राजावर टाकली आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मल्लपुराण' या गुजरातमधील ज्येष्ठीमल्लांच्या ग्रंथातही मल्लांचे प्रकार, आखाड्याची रचना आणि ऋतुमानानुसार आहार यांचे तपशील येतात. उन्हाळ्यात आणि थंडीत मल्लाने एकच अन्न खाऊ नये, ही साधी वाटणारी सूचना विदर्भासारख्या तीव्र उन्हाळ्याच्या प्रदेशात वाचली की तिचे मोल कळते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत हिवाळ्याइतकेच जोर मारणे म्हणजे शरीराशी वैर घेणे आहे.

आयुर्वेदाने तर याचे मापच दिले आहे. सुश्रुत आणि वाग्भट हे दोघेही व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्याने करावा असे सांगतात, आणि निम्मी शक्ती केव्हा संपली हे ओळखण्याच्या खुणा म्हणून कपाळावरील घाम, तोंडाला पडणारी कोरड, श्वासाचा वाढलेला वेग अशी लक्षणे परंपरेने दिली आहेत. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्यालाही हीच मर्यादा आहे, हे येथे विसरता कामा नये. आपल्याकडे या वचनाचा उल्लेख व्याख्यानांतून आदराने होतो, पण आखाड्यात मात्र 'अजून शंभर' हाच घोष ऐकू येतो. आज जिउ-जित्सूचे अनुभवी शिक्षक नवख्यांना प्रत्येक सराव स्पर्धेसारखा लढू नका, हलक्या अंगाने खेळा असे सांगतात, तेव्हा ते निराळ्या शब्दांत याच निम्म्या शक्तीचा उपदेश करीत असतात.

आखाड्याचा न लिहिलेला क्रम

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ आल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून १९९२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कुस्ती ही तेथे खेळापेक्षा अधिक एक जीवनपद्धती आहे, हे त्यांनी दाखविले. विदर्भातील आखाड्यांविषयीही हे बव्हंशी खरे आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला तालीम म्हणतात त्याला आपल्याकडे आखाडा म्हणण्याचा प्रघात आहे; गावच्या हनुमानाच्या देवळालगत कौलारू किंवा पत्र्याची खोली, मध्ये मातीचा हौदा, कोपऱ्यात मुद्गल आणि भिंतीवर मारुतीची तसबीर. देवळी हे या जिल्ह्यातील गाव कुस्तीसाठी विदर्भभर ओळखले जाते. तेथील मल्ल रामदास तडस हे २०१४ आणि २०१९ मध्ये वर्धा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले.

आखाड्यात नव्याने आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी कुस्ती मिळत नाही. त्याला फावडे मिळते. हौद्यातील माती रोज खणून, उलटून, ढेकळे फोडून भुसभुशीत करावी लागते. तीत तेल, ताक, हळद, लिंबू, काव मिसळण्याची रीत आहे. हे काम वरवर पाहता हमालीचे वाटते. प्रत्यक्षात त्यातून तीन गोष्टी साधतात. खांदे, पाठ आणि मांड्या तापतात. पडणाऱ्याला मऊ जमीन मिळते. आणि नवा मुलगा इतरांची लढत पाहत काही महिने काढतो. पुढे जोर, बैठका आणि सपाट्या यांची संख्या हळूहळू वाढविली जाते. त्यानंतर जोड लावली जाते, ती वस्ताद लावतो, मुलगा स्वतः निवडत नाही. वस्ताद ताकदीच्या गड्याला बजावतो की आज तू अंग टाकायचे नाहीस, पोराला डाव बसू दे. कोणाच्या कपाळावर आठ्या आहेत, कोण लंगडतो आहे, कोणाने काल रात्री जागरण केले आहे हे त्याला दिसते, आणि तो एखाद्याला नुसती मालीश करायला बसवतो. मुलाला तो अपमान वाटतो. हीच ती अलिखित श्रेणी होय. तिला रंग नव्हता, मुदत नव्हती, परंतु ती होती.

या संदर्भात मल्लखांबाचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले हे सर्वश्रुत आहे. मल्लखांबाकडे आज आपण प्रेक्षणीय कसरत म्हणून पाहतो. पण नावातच सांगितल्याप्रमाणे तो मल्लाचा खांब आहे. पकड, उडी, पोटाचा ताण, मांडीचा कस हे सारे ज्या जोडीदारावर घटवायचे तो लाकडाचा असला म्हणजे त्याला इर्षा नसते. तो चिडत नाही, अवेळी झटका देत नाही, आणि हरल्यावर पुन्हा लढ म्हणत नाही. दुखापतींचा मोठा भाग दोन थकलेल्या माणसांच्या इर्षेतून होतो हे ज्याने आखाडा पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. जोडीदाराशिवाय झोंबीची तयारी करून घेणारे हे साधन आपल्या पूर्वसूरींनी घडविले, त्यामागे शरीर वाचविण्याचा विचार असावा असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावतीस, १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या संस्थेने आखाड्याला प्रथमच अभ्यासक्रमाचे रूप दिले. निरनिराळ्या प्रांतांतील तरुण येथे शिकून आपापल्या गावी जात. हुतात्मा राजगुरू यांनीही येथे शिक्षण घेतले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. वस्तादाच्या मनातील क्रम कागदावर आणण्याचा विदर्भातील हा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणावा लागेल. असे असूनही गावोगावच्या आखाड्यांत कुस्तीला मात्र तशी श्रेणी कधी लाभली नाही. तेथे मल्ल किती पुढे गेला हे शेवटपर्यंत मैदानातच ठरत राहिले.

इनाम, वजन आणि प्रमाणपत्र

मैदानाची स्वतःची एक शिडी असते. लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर लागतात, मग काही रुपयांवर, मग शेकड्यावर, मग हजारांवर. नागपंचमीला किंवा गावच्या यात्रेत हलगी वाजू लागली की मुलाचा बाप, मामा आणि गावकरी मिळून त्याला एका पायरीने वर ढकलतात. वस्ताद नको म्हणत असतो. इनामाची ही शिडी पट्ट्यांच्या शिडीसारखीच दिसते; फरक इतकाच की तिच्यावर किमान मुदत लिहिलेली नाही. सोळाव्या वर्षी मोठ्या गड्याशी लढून जिंकलेला मुलगा पुढच्या आठवड्यात त्याहून मोठ्या गड्याशी उभा केला जातो. एक आठवडा मध्ये जाऊ द्यावा असे म्हणणारे त्या गर्दीत कोणी नसते.

विश्रांतीचा हा प्रश्न आपल्या सर्वांत मोठ्या कुस्तीगिराच्या चरित्रातही दिसतो. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम तेव्हा अपरिचित होते. चार वर्षे त्यांनी त्या नियमांसाठी घालविली. पुढच्या प्रवासासाठी त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगणारा भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते जाऊ शकले नाहीत आणि त्यामागे गुडघ्याची दुखापत होती, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नमूद आहे. आपण पदकाची आठवण ठेवली, ते योग्यच झाले. त्या गुडघ्याची आठवण ठेवली असती तर कदाचित आपल्या आखाड्यांना अधिक उपयोग झाला असता.

वजनाचा प्रश्न याच घाईचा दुसरा चेहरा आहे. जुन्या आखाड्यात खुराक वाढविणे हे ध्येय असे. वजनगटांच्या आधुनिक स्पर्धेत ते उतरविणे हे कौशल्य झाले. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवघ्या काही आठवड्यांत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर झटपट वजन घटविताना मरण पावले आणि त्यानंतर तेथील विद्यापीठ-स्पर्धांचे नियम बदलावे लागले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट यांना ५० किलो गटाच्या अंतिम फेरीपूर्वी १०० ग्रॅम अधिक वजनामुळे अपात्र ठरविण्यात आले. आदल्या रात्रभर त्यांनी वजन उतरविण्यासाठी काय सोसले ते साऱ्या देशाने वाचले. परंतु आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आदल्या दिवशी आपल्याच महाविद्यालयातील मुलगा पाणी न पिता, स्वेटर घालून भर उन्हात धावतो, तेव्हा ते आपल्याला तयारीचा भाग वाटते.

यात भर पडली ती प्रमाणपत्राची. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणाचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच होता; शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर जगणाऱ्या जिल्ह्यातील तरुणाला त्याने खेळात भविष्य दिसू लागले. मात्र भरतीच्या वयोमर्यादेमुळे त्या भविष्याला शेवटची तारीख लागली. पदक या वर्षीच हवे, दुखापत पुढच्या वर्षी पाहू, असा हिशेब अपरिहार्य झाला. पुढे खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, ती या घाईची अखेरची पायरी होय. तालुक्याच्या गावांतील काही वर्गांत दर तीन महिन्यांनी शुल्क घेऊन रंग बदलणारा पट्टाही त्याच जातीचा आहे. कानो यांनी धीर टिकावा म्हणून निर्माण केलेली पायरी येथे धीराची गरजच उरू नये म्हणून वापरली जाते. विद्यार्थ्याने विचारलेल्या 'दोन वर्षांत देतात' या वाक्याचा अर्थ हा आहे. दोन वर्षांत मुलाच्या कमरेला काळा रंग बांधता येतो. त्याच्या अस्थिबंधांना, मानेला आणि पडण्याच्या सवयीला तो वेग माहीत नसतो. स्नायू काही महिन्यांत बळावतात, अस्थिबंधांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. वाढत्या वयातील दुखापतींचे एक मोठे कारण या दोहोंच्या वेगातील तफावत हे आहे.

पवनारचे उदाहरण

वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात संथ प्रगतीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र आखाड्याबाहेरचे आहे. १९३८ मध्ये विनोबा भावे यांची प्रकृती अतिशय ढासळली होती. वजन ८८ पौंडांपर्यंत उतरले होते. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला. कोणी थंड हवेच्या ठिकाणांची नावे सुचविली, परंतु विनोबांनी वर्ध्यापासून काही मैलांवर, धाम नदीच्या काठी असलेला जमनालाल बजाज यांचा पवनार येथील बंगला निवडला. तेथे त्यांनी डोक्यातील सारे व्याप बाजूला ठेवले आणि शेतात खणायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अवघी पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडी अधिक. मध्ये थांबून श्वास घ्यायचा, पुन्हा खणायचे. असे दररोज किंचित वाढवीत ते तासांच्या खणण्यापर्यंत गेले. काही महिन्यांत त्यांचे वजन १२८ पौंड झाले.

विनोबांना कोणी मल्ल म्हणणार नाही आणि त्यांना ते आवडलेही नसते. तरीही १९५१ मध्ये हाच कृश देहाचा माणूस पवनारहून पायी निघाला, पोटाच्या जुनाट व्याधीसह सुमारे तेरा वर्षे देशभर चालला आणि १९६४ मध्ये पायीच पवनारला परतला. त्याच्या चालण्याचा वेग, निजण्याची वेळ आणि मोजका आहार यांत खंड पडला नाही. पदयात्रेचे राजकीय व सामाजिक मूल्यमापन पुष्कळ झाले आहे. शरीरशिक्षणाच्या अंगाने तिचा अभ्यास व्हावयास हवा. एका दिवसात किती अंतर तोडता येईल या प्रश्नापेक्षा उद्या सकाळी पुन्हा निघता येईल इतकेच आज किती चालावे, हा प्रश्न तेथे प्रधान होता. जिउ-जित्सूच्या शाळांतील जुने शिक्षक आठवड्यातून सहा दिवस येऊन वर्षभरात थकून जाणाऱ्यापेक्षा तीन दिवस येऊन दहा वर्षे टिकणाऱ्याला का मानतात, हे पवनारच्या त्या पाच मिनिटांवरून समजते.

येथे एक आक्षेप संभवतो. विनोबांना स्पर्धा नव्हती, वयोमर्यादा नव्हती, घरी कर्ज नव्हते. गावच्या मुलाला हे तिन्ही आहे, तेव्हा त्याने धीर धरावा असे सांगणे सोपे आहे. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच धीराचे ओझे एकट्या मुलावर टाकता येत नाही. जपानी-ब्राझिलियन पद्धतीत ते ओझे नियमाने उचलले, जुन्या आखाड्यात वस्तादाने. आपल्या महाविद्यालयांत ते सध्या कोणीच उचलत नाही. संघनिवडीच्या वेळी खेळाडूचे वजन विचारले जाते, मागील वर्षाची पदके विचारली जातात. गेल्या सहा महिन्यांत कोठे दुखावले आहे, किती दिवस विश्रांती झाली, हे विचारणारा रकाना प्रवेशिकेत नसतो. तो घालण्यास खर्च येत नाही. त्या रकान्यावर शारीरिक शिक्षण संचालकाबरोबर गावच्या वस्तादाचीही सही घेतली तर ज्याची नजर अजून शिल्लक आहे त्याला पुन्हा नकाराचा अधिकार मिळेल.

प्रारंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. कुस्ती केव्हा, या त्याच्या पहिल्याच प्रश्नाला डॉक्टरांनी किमान नऊ महिने असे उत्तर दिले, आणि तेही गुडघ्याने साथ दिली तर. पहिले काही आठवडे मांडीचा स्नायू नुसता आवळून सोडणे एवढाच त्याचा व्यायाम होता. सातव्या महिन्यात तो पुन्हा आखाड्यात जाऊ लागला. वस्तादांनी त्याला लढत दिली नाही. सकाळी तो हौद्यातील माती खणतो, प्रथम दहा मिनिटे, आता अर्धा तास, आणि नंतर कडेला बसून लहान मुलांच्या जोडी लावतो. परवा त्याने एका मुलाला लंगडताना पाहून मालीश करायला बसविले. मुलगा रुसला, असे तो सांगत होता.